गुलाबी मनोरा, जळगावच्या सुताराकडचा

इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी १९३९ मध्ये मद्रासजवळच्या अड्यारला आल्या, महायुद्धामुळे इथेच अडकल्या आणि शिक्षक घडवत राहिल्या. त्यांचा गुलाबी मनोरा आता बालवाड्यांसाठी स्थानिक सुतारही करून देतात. एकावर एक रचायचे दहा घनाकृती ठोकळे, बाजू १ ते १० सेंटिमीटर. घेताना एक कोपरा जुळवून रचा. उरलेल्या प्रत्येक पायरीवर सगळ्यात लहान ठोकळा नेमका बसायला हवा. जळगावच्या या संचात आठव्या ठोकळ्यावर तो बाहेर डोकावतो. लाकूड आंब्याचं, तेही ओलसर. खानदेशच्या मे महिन्यात आकसणारच! महाग पडलं तरी मुरलेलं सागवान मागा. रंग मात्र एकसारखा, नखाने निघत नाही. लहान ठोकळा हरवतो, तोंडातही जातो. दोन जादा करून घ्या, तीन वर्षांखालच्यांना देऊ नका.