मीटर-खोली आणि जिना: एबीसी पावडर की कार्बन डायऑक्साइड?

गृहनिर्माण संस्थेची समिती अग्निशामक विकत घ्यायला बसली, की दरपत्रकावर बहुधा ६ किलोचे एबीसी पावडर आणि ४.५ किलोचे कार्बन डायऑक्साइड ही दोन नावे समोर येतात. बोलताना दोघांनाही ‘अग्निरोधक’ म्हटले जाते, ते चूक आहे. आगीला दाद न देणारे दार अग्निरोधक, आग विझवणारे साधन अग्निशामक.

अक्षरांचा घोळ याहून गंभीर आहे. भारतीय मानकांप्रमाणे ए म्हणजे लाकूड, कागद, कापड यांची आग, बी म्हणजे पेट्रोल किंवा थिनरसारख्या द्रवांची आणि सी म्हणजे वायूची. अमेरिकी पद्धतीत मात्र सी म्हणजे विजेच्या चालू उपकरणाची आग, त्यामुळे अमेरिकी बनावटीच्या बाटल्यावरचे सी वाचून गॅसगळतीच्या आगीसाठी तो घेणे धोक्याचे ठरेल.

पावडरमधील मोनोअमोनियम फॉस्फेट तापलेल्या पृष्ठभागावर वितळून थर धरते, म्हणून लाकूड-कापडाची आग ती खरोखर विझवते. कार्बन डायऑक्साइड हवेतील प्राणवायूचे प्रमाण घटवतो, पण निखारा फारसा थंड करत नाही. गादी किंवा रद्दीची आग त्याने विझल्यासारखी दिसते आणि पुन्हा धुमसते. जिना, पार्किंग, वाचनालय येथे म्हणूनच या दोघांपैकी एबीसीच हवे.

मीटर-खोली आणि लिफ्टची यंत्रखोली येथे माझा कौल उलट आहे. पावडर वीजवाहक नसली, तरी तिचा उरलेला थर ओल धरतो आणि तांब्याची जोडणी गंजवतो, आणि मुंबई-ठाण्याच्या पावसाळी हवेत हे नुकसान लवकर होते. कार्बन डायऑक्साइड मागे काहीच ठेवत नाही. त्याचा मारा मात्र दोन मीटरच्या आसपासच पोहोचतो, आणि बंद, चिंचोळ्या खोलीत तो माणसाचाही श्वास कोंडतो, म्हणून तो दारातूनच मारून लगेच बाहेर पडावे.

पेटलेल्या तळणीच्या तेलावर दोन्ही नकोत. गॅस बंद करून कढईवर झाकण किंवा फायर ब्लँकेट (आग झाकून विझवण्याचे न पेटणारे कापड) टाकावे.

देखभालीतही फरक आहे. पावडरच्या बाटल्यावरील दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे पहारेकरीही पाहू शकतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्याला दाबमापक नसतो, तो वजन करूनच तपासावा लागतो. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र, म्हणजे आग विझवण्याची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला, घ्यावे लागते. त्या तपासणीला वजनकाटा आणला होता का, हे समितीने स्वतः उभे राहून पाहावे.