झेंडूवर जैविक बुरशीनाशकं: जून ते फेब्रुवारीचा माझा अनुभव

आमचं रान करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठालगत. बाकी सगळा ऊस, पण 12 गुंठ्यांत मी झेंडू करते. नवरात्र, दसरा आणि दिवाळी, असे तीन बाजार मिळाले की वर्षाचं गणित जमतं. मागच्या हंगामात ते जमलं नाही. परतीचा पाऊस चार दिवस बसला आणि फुलं आतून कुजली. वरून टपोरी दिसायची, तोडली की देठापाशी तपकिरी आणि पाकळ्यांच्या तळाशी करडी लव. क्रेटच्या क्रेट उकिरड्यावर ओतले. तोवर रासायनिक बुरशीनाशकाचे सहा हात झाले होते. आणि ही फुलं माझी सात वर्षांची पोरगी मांडीवर घेऊन ओवते, ते बघून पोटात कालवायचं. म्हणून या हंगामात जूनपासून सगळं जैविकच वापरलं. दोन सऱ्या मात्र मुद्दाम कोऱ्या ठेवल्या, कशाचीच फवारणी न करता, म्हणजे फरक डोळ्यांनी बघता यावा.

सुरुवातच फसली. ट्रायकोडर्मा म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, पावडरीत मिळते. तिचा पहिला पुडा जिथून आणला, तिथे तो पत्र्याखाली उन्हाच्या झळा लागतील असा ठेवलेला होता. मुदत संपायला दोन महिने बाकी होते, पण मला शंका आली. घरी थोडा भात शिजवून गार केला, त्यावर चिमूटभर पावडर भुरभुरली आणि वाटी झाकून ठेवली. पाच दिवस झाले तरी हिरवी बुरशी धरली नाही, भात नुसता आंबला. दुसरीकडून ताजा पुडा आणला, तर चौथ्या दिवशी भातावर गर्द हिरवा थर. हिरवी दिसणारी प्रत्येक बुरशी ट्रायकोडर्मा नसते, त्यामुळे ही काही प्रयोगशाळेची चाचणी नव्हे. पण पुडा मेलेला आहे की जिवंत, एवढं कळतं. ही पावडर जिवंत माल आहे, दह्याच्या विरजणासारखा. विरजणच मेलं असेल तर कितीही फवारा, काही लागणार नाही. पुड्यावर किमतीच्या आधी उत्पादनाची तारीख बघा आणि घरी आणल्यावर सावलीत, गारव्याला ठेवा.

जमिनीसाठी मी 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात 1 किलो ट्रायकोडर्मा कालवला, आंब्याखाली ढीग करून ओल्या गोणपाटानं झाकला आणि 15 दिवस ओल राखली. दोन किलो गूळ पाण्यात विरघळवून वरून शिंपडला. गूळ गुऱ्हाळातनं बिनहायड्रॉसचा, म्हणजे रंग उजळायची पावडर न घातलेला, मागून आणला. ढीग हलवताना तोंडाला कापड बांधा, ती भुकटी छातीत जाते.

रोपांचा फरक सगळ्यांत आधी दिसला. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेल्या 98 खणांच्या दोन ट्रेपैकी एकात ट्रायकोडर्मा मिसळला होता, दुसऱ्यात नाही. आमच्याकडे गगनबावड्यासारखा कोसळत नाही, पण जुलैत ढग जागचे हलत नाहीत, ऊन दिसत नाही. साध्या ट्रेमधली 31 रोपं बुडाशी कुजून कोलमडली, दुसऱ्यातली 7. सासरे तोवर म्हणत होते, "पोरी, पावडर टाकून कुठं रोग जातोय व्हय?" ट्रे बघितल्यावर पुढच्या सगळ्या ट्रेंमध्ये त्यांनी स्वतःच्या हातानं मिसळला.

पानांवर दोन जिवाणू आलटून पालटून घेतले: स्यूडोमोनास फ्लुरोसन्स लिटरला 10 ग्रॅम आणि द्रवरूप बॅसिलस सबटिलिस लिटरला 5 मिली. दर आठ-दहा दिवसांनी, रोग दिसो न दिसो. यातला पहिला लोह आपल्याकडे ओढून घेतो आणि रोगाच्या बुरशीची उपासमार करतो. दुसरा अशी द्रव्यं सोडतो की बुरशीच्या पेशींचं आवरणच फुटतं. बॅसिलस बीजाणू धरून बसतो, म्हणून उष्णता आणि साठवण जास्त सोसतो. दोघांनाही पानावर आधी जागा धरावी लागते. डाग पडल्यावर मारून उपयोग नाही, हे मी एका सरीवर उशिरा फवारून बघितलं. होते ते डाग तसेच पसरले.

फवारणी कायम संध्याकाळी पाचनंतर, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी हे जीव मरतात. नळाचं पाणी क्लोरीनचं, म्हणून बोअरचं घेतलं. पंप वेगळा ठेवला. आदल्या आठवड्यात ज्या पंपानं तणनाशक किंवा ताम्रयुक्त औषध मारलं, त्यातच जिवाणू ओतले तर पैसे पाण्यात.

जुलैअखेर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून गेलं आणि आमच्या खालच्या कोपऱ्यात चार दिवस पाणी तुंबलं. तिथली झाडं मर लागून गेली, ट्रायकोडर्मा घातलेलं खत असूनही. मुळांना हवाच नाही तर ती बुरशी तरी काय करणार? त्या कोपऱ्यात आता मी झेंडू लावणार नाही.

सप्टेंबरात पानांवरच्या करप्याची मोजणी केली. कोऱ्या सऱ्यांत खालची निम्मी पानं डागाळून वाळली होती. फवारलेल्यांत डाग होते, पण खालच्या तीन-चार पानांपुरते. कळ्या लागल्यावर मात्र एक चूक झाली. स्यूडोमोनासची पावडर टाल्कमध्ये असते. केशरी फुलांवर तिचे पांढरे ठिपके वाळले आणि बाजारात व्यापाऱ्यानं "वहिनी, ह्यावर काय मारलंसा?" म्हणत किलोमागं पाच रुपये पाडले. नोझलही दोनदा तुंबला. फूल उमललं की फक्त द्रवरूप बॅसिलस, आणि पावडर वापरायचीच तर रात्रभर भिजवून, दुहेरी धोतराच्या कापडातनं गाळून.

आता खरी परीक्षा, परतीचा पाऊस. दसऱ्यानंतर तीन दिवस रिमझिम, हवा गार. फुलकुजीच्या करड्या बुरशीला हेच हवं असतं: 15 ते 25 अंश आणि पाकळ्यांत अडकलेलं पाणी. ती आधी म्हाताऱ्या पाकळीत शिरते आणि तिथनं ताज्या फुलात. त्यामुळे पाऊस येण्याआधी मी सुकत आलेली सगळी फुलं खुडून रानाबाहेर पुरली आणि त्याच संध्याकाळी चिकटद्रव्य घालून बॅसिलस मारला. पाऊस थांबल्या थांबल्या पुन्हा. फवारलेल्या भागात शंभर फुलांमागे 14 कुजकी निघाली, कोऱ्या सऱ्यांत 40. सगळं श्रेय मी बाटलीला देत नाही. मागच्या हंगामात 3 फुटांवर सऱ्या होत्या, यंदा 4 फूट केल्या आणि झाडं दीड फुटावर लावली. पण कोऱ्या सऱ्यांनाही हेच अंतर होतं आणि सुकी फुलं तिथलीही खुडली होती. तो 14 आणि 40 मधला फरक फवारणीचाच.

हिवाळ्यात त्याच रानात काकडी केली. दिवसा कोरडं, पहाटे दव, म्हणजे भुरीचा, पानांवर पांढरी भुकटी धरणाऱ्या बुरशीरोगाचा, हंगाम. भुरीच्या धाग्यांत शिरून वाढणारी आणि तिलाच खाणारी ॲम्पेलोमायसिस नावाची बुरशी मिळते, ती लिटरला 5 ग्रॅम घेतली. मी निराश झाले. तिला हवेत ओल लागते, आणि मी ती पानं पांढरी झाल्यावर कोरड्या हवेत मारली. दोष बराचसा माझाच, पण वेळेवर मारली असती तरी जानेवारीतल्या कोरड्या हवेत तिच्यावर मी विसंबणार नाही. त्यापेक्षा दूध कामी आलं. ब्राझीलमध्ये 1999 साली झुकिनीच्या भुरीवर गाईच्या ताज्या दुधाच्या फवारणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. मी एक लिटर दूध नऊ लिटर पाण्यात घालून, आठवड्यातून दोनदा, सकाळच्या उन्हात फवारलं. नवीन पानं स्वच्छ राहिली, जुनी राहिली नाहीत. शेवटी जुन्या वेलांवर पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाचा एक हात मारला.

12 गुंठ्यांच्या झेंडूला सगळं मिळून 2,850 रुपये लागले, आधीच्या रासायनिक खर्चापेक्षा सातशे-आठशेंनी कमी. मात्र फवारण्या सहाऐवजी अकरा झाल्या, आणि मजुरी धरली तर पैशांत फायदा नाही. ज्यांना आठवड्याला एक संध्याकाळ काढता येत नाही, त्यांना मी हे घ्या म्हणणार नाही. मला जमलं, कारण रान घरामागंच आहे.

आता फाल्गुनात शेणखताचा ढीग रचून ठेवलाय. दुकानात ट्रायकोडर्मा आलाय, सासरे आणू का विचारत होते. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणा म्हटलं, आणि आणल्या दिवशी वाटीभर भात शिजवू.