एकखांबी तंबू की भरलेला बाक: यंदा डेन्व्हर धरावं की ओक्लाहोमा सिटी?

खानापूरचा माझा भाचा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे, आणि अमेरिकेतली एनबीए ही बास्केटबॉलची लीग बघतो. गणपतीत घरी आला तेव्हा म्हणाला, “मामा, यंदा अभ्यास हाय. एकच टीम बघायची म्हणालोय. डेन्व्हर धरू की ओक्लाहोमा? सांग की.” आरतीच्या गडबडीत मी त्याला एका शब्दात उत्तर दिलं. पण दोन वर्षं डेन्व्हरच्या मागे पहाटे उठणारा माणूस ती टीम का सोडतो, हे एका शब्दात सांगता येत नाही. एनबीएचा २०२५-२६ चा हंगाम २१ ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाला, त्याच्या आधीची ही गोष्ट. भाच्यासारखे आणखी कोणी ठरवत असतील, तर त्यांच्यासाठीही हे लिहितोय.

डेन्व्हरकडे निकोला योकिच आहे. २०१४ मध्ये टीमनी नवे खेळाडू निवडले तेव्हा ४१ वा नंबर मिळालेला हा सर्बियन सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) तीन वेळा हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२४-२५ च्या हंगामात त्याची दर मॅचची सरासरी होती २९.६ गुण, १२.७ रिबाउंड (नेम चुकल्यावर पकडलेले चेंडू) आणि १०.२ असिस्ट (ज्यावर बास्केट होते असे पास). आकडे बाजूला ठेवा. डोक्यामागून टाकलेला त्याचा पास धावत येणाऱ्या ॲरन गॉर्डनच्या हातात पडतो, तेव्हा बास्केटबॉल न कळणारी माझी आईसुद्धा चहाचा कप हातात धरून थांबते. शिवाय त्याला शर्यतीच्या घोड्यांचं वेड आहे, हलक्या गाडीला जुंपून पळवतात त्या घोड्यांचं. बैलगाडी आणि घोडागाडीच्या शर्यतींवर जीव टाकणाऱ्या आपल्या सीमाभागात हा माणूस परका वाटत नाही. २०२३ मध्ये त्याने डेन्व्हरला पहिलं विजेतेपद मिळवून दिलं आणि मी त्या टीमचा झालो.

मग बिनसलं कुठे?

डेन्व्हरच्या घरच्या मॅचा आपल्याकडे बहुतेकदा सकाळी साडेसहा-साडेसातला सुरू होतात. मी आठच्या सुमाराला बेळगावच्या उद्यमबागला कामावर निघतो. साडेसातची मॅच असली की पहिला क्वार्टर, म्हणजे मॅचचा पहिला चतुर्थांश, संपतो तेव्हा मी पायात बूट चढवत असतो, आणि नेमका तेव्हाच योकिच बाकावर बसतो. दुसऱ्या आणि चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला त्याला विश्रांती देतात, ही त्यांची ठरलेली पद्धत. आठ-दहा गुणांची आघाडी बघून मी घराबाहेर पडायचो. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलेलं असलं की गाडी बंद करून फोन काढायचा, आणि आघाडी गेलेली असायची. एकदा-दोनदा झालं असतं तर सोडून दिलं असतं. पण त्या दोन वर्षांत मला गेटवर दिसलेलं चित्र बहुतेक वेळा हेच होतं. मी काही हिशेब ठेवलेला नाही, त्यामुळे चांगले दिवस विसरलो असेन हेही मान्य. तरी सकाळी घोटभर चहात मीठ पडावं तसं व्हायचं, आणि दिवसभर ती चव जायची नाही.

त्यामागचं कारणही साधं आहे. विजेतेपदानंतर लगेच ब्रूस ब्राऊन आणि जेफ ग्रीन गेले, पुढच्या वर्षी कॉल्डवेल-पोपही गेला. त्यांच्या जागी नवी पोरं आली, पण हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत, म्हणजे प्लेऑफमध्ये, प्रशिक्षकांनी त्यांच्यावर विसंबायचं टाळलं. मग पहिले पाच जण मरमर पळायचे. २०२४ मध्ये मिनेसोटाविरुद्धच्या मालिकेच्या निर्णायक सातव्या मॅचमध्ये, घरच्या मैदानावर, डेन्व्हर २० गुणांनी पुढे होतं आणि ९८-९० असं हरलं. लोक वेगवेगळी कारणं देतात. मला त्या पाचजणांचे थकलेले पाय दिसले. आमच्या इथल्या टीममध्ये स्वतः खेळताना मी हे भोगलंय. सगळा खेळ एका उंच पोराभोवती रचलेला, त्याला तिसऱ्या क्वार्टरमध्ये पाचवा फाऊल लागला, तो बाहेर गेला आणि पुढची दहा मिनिटं कोणाला पास द्यायचा हेच कोणाला कळेना.

ओक्लाहोमा सिटीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिथे तक्रारीला फार जागा नाही. २०२४-२५ च्या हंगामात ८२ पैकी ६८ विजय आणि शेवटी विजेतेपद. शे गिलजस-अलेक्झांडर हंगामाचाही सर्वोत्तम आणि फायनलचाही. तो बाकावर गेला की कॅरुसो, वॉलेस, हार्टनस्टाईन यांच्यातलं कोणी ना कोणी येऊन समोरच्याचा चेंडू हिसकावत राहतं. मे २०२५ मध्ये याच दोन टीमची सातवी मॅच आपल्याकडे रात्री एकला सुरू झाली. मी तेव्हाही डेन्व्हरचाच होतो. मांडीचा स्नायू दुखावलेला गॉर्डन तसाच उतरला होता. पहिला क्वार्टर डेन्व्हरने घेतला. दुसऱ्यात डेन्व्हरकडे पाठवायला माणसं उरली नाहीत, ओक्लाहोमाकडे ती येतच राहिली. योकिचपेक्षा कितीतरी बुटका कॅरुसो त्याला चिकटला, आणि स्कोअर झाला १२५-९३. मी फोन बंद केला तेव्हा मन बदललेलं होतं.

उणिवा इथेही आहेत. शेच्या फ्री थ्रोंमुळे, म्हणजे फाऊलनंतर मिळणाऱ्या मोफत फेकींमुळे, खेळ वारंवार थांबतो, काहींना ते खपत नाही. चेट होल्मग्रेन अंगाने किरकोळ. २०२४-२५ मध्ये कमरेचं हाड मोडून तो बरेच महिने बाहेर होता. जेलन विल्यम्स मनगट दुखावलेलं असताना फायनल खेळला आणि नंतर त्याची शस्त्रक्रिया झाली. शिवाय २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सात वेगवेगळे विजेते झाले, म्हणजे लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकणं किती अवघड ते दिसतंच. पण माणसं जवळपास तीच आहेत, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

डेन्व्हरने २०२५ च्या उन्हाळ्यात हातपाय हलवले, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पोर्टर देऊन कॅमरॉन जॉन्सन घेतला, आणि त्यासाठी २०३२ मध्ये पहिल्या फेरीत नवा खेळाडू निवडायचा आपला हक्कही दिला. ब्रूस ब्राऊन परत आला. टिम हार्डवे ज्युनिअर आला. मुख्य म्हणजे योकिच बसल्यावर उभा राहील असा भरदार सेंटर आला, व्हॅलान्च्युनस. कागदावर ही भोकं बुजल्यासारखी दिसतात. कदाचित मी एक वर्ष आधीच टीम सोडली असेन. ज्याला फक्त सुंदर पास बघायचेत, निकालाचं फारसं काही नाही, त्याने खुशाल डेन्व्हर धरावं.

आणि वेळेचाही मुद्दा आहे. ओक्लाहोमा सिटीचं घड्याळ डेन्व्हरच्या एक तास पुढे चालतं. त्यामुळे त्यांच्या घरच्या बऱ्याच मॅचा मी निघेपर्यंत निदान निम्म्या तरी झालेल्या असतात. कॉलेजची बस पकडणाऱ्याला हा एक तास लहान नाही.

भाच्याला मी एवढंच करायला सांगितलंय: नोव्हेंबरात डेन्व्हरच्या चार मॅचमधली दुसऱ्या क्वार्टरची पहिली पाच मिनिटं बघ, योकिच बाकावर असताना. आघाडी टिकली, तर मलाही फोन कर. तोपर्यंत मी ओक्लाहोमाच्या बाजूला आहे.