कोकमाच्या अर्कासाठी हॉलो फायबर यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिसूक्ष्म गाळणीचं) युनिट: पडदा उत्तम, पंपाकडे लक्ष द्या

पीईएस या प्लास्टिकचं हॉलो फायबर मॉड्यूल (पोकळ तंतूंचा गठ्ठा, तंतूंच्या भिंती हाच गाळणारा पडदा), १०० किलोडाल्टनची छिद्रं (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक; साधारण त्याहून जड रेणू अडतात), १ मिलिमीटर पोकळीचे तंतू, पंप आणि दोन प्रेशर गेज, सगळं एका सांगाड्यावर. कोकमासाठी घ्यावं का? घ्यावं, पण जसं येतं तसं वापरू नये.

गाळण्याबद्दल तक्रार नाही. सोलांचा गढूळ अर्क माणकासारखा लख्ख उतरतो, बाटलीच्या तळाशी साका धरत नाही. इतक्या बारीक छिद्रांत रंगही अडकेल, ही भीती अनाठायी. कोकमाचा लाल रंग मुख्यतः सायनिडिनच्या दोन अँथोसायनिनांचा (फळांतल्या लाल-जांभळ्या रंगद्रव्यांचा). त्यांचे रेणू साधारण ४५० ते ५८० डाल्टनचे. १ लाख डाल्टनच्या छिद्रातून ते आरामात निघून जातात. थोडा रंग पडद्याला चिकटतो, थोडा मागे उरलेल्या पेक्टिनच्या (फळातल्या डिंकासारख्या पदार्थाच्या) चिकट गाळात राहतो. त्यात तेवढंच पाणी घालून पुन्हा फिरवलं की बराचसा हाती लागतो.

रंगाची खरी नासाडी होते ती पंपापाशी. सेंट्रिफ्यूगल पंपातून तासन्‌तास फिरून अर्क तापतो. त्यात परतीचा पाइप टाकीत वरून सोडलेला, म्हणजे फेस आणि हवा. लाल रंग विटकरी होतो तो यामुळे. पाइप पातळीखाली बुडवा, टाकीला थंड पाण्याचं जॅकेट लावा, तापमान ३० अंशांच्या आत ठेवा. दाब १ ते १.५ बार पुरे. जास्त दाबलं तर पेक्टिनचा थर घट्ट बसतो आणि धार उलट बारीक होते.

मीठ-साखर घालण्याआधीच गाळा. पाक पडद्यातून सरकत नाही. आगळ (मीठ घातलेला कोकमाचा अर्क) गाळायचं असेल, तर त्यातलं मीठ आणि आम्ल मिळून ३०४ प्रतीच्या स्टीलला खड्डे पाडतात, सुटलेलं लोह रंग काळवंडवतं. ऑर्डर देतानाच ३१६ प्रतीचं मागा. आधी १०० मायक्रॉनची जाळी हवीच, नाहीतर तंतूंची तोंडं बुजतात. पेक्टिन तोडणाऱ्या पेक्टिनेज या एन्झाइमवर फार भिस्त नको: कोकमाचा सामू २ च्या आसपास, एन्झाइम खुलतं ३.५ च्या पुढे.

धुताना आधी पाणी रंगहीन येऊ द्या, मग ४५ अंशांवर ०.५ टक्के कॉस्टिक सोडा, पुन्हा पाणी, शेवटी सायट्रिक आम्ल. मेटाबायसल्फाइटमध्ये (जंतू रोखणारं, पण रंग उडवणारं रसायन) ठेवलेलं मॉड्यूल नीट खंगाळलं नाही तर पहिली बॅच फिकी पडते. माहितीपत्रकातला गाळण्याचा वेग शुद्ध पाण्याचा असतो, रसाला तो कधीच मिळत नाही. पण नव्या मॉड्यूलवर तो मोजून लिहून ठेवा. धुतल्यावर तेवढा परत आला नाही, तर कॉस्टिकची आणखी एक फेरी द्या.