फोर्स फीडबॅक म्हणून विकलेले साधे स्टेअरिंग: खरेदीपूर्वी वाचावा असा अनुभव

संगणकावरील रेसिंग सिम्युलेशनसाठी फोर्स फीडबॅक असलेले, म्हणजे गेममधल्या गाडीनुसार हाताला उलटा जोर देणारे, स्टेअरिंग घ्यायचे ठरवले, तेव्हा ते हाताळून पाहता येईल असे दुकान परभणीत मला मिळाले नाही. म्हणून छत्रपती संभाजीनगरमधील एका दुकानदाराशी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणे केले. त्याने लिहून कळवले की, स्टेअरिंग फोर्स फीडबॅकचे आहे, ९०० अंश फिरते आणि नामांकित कंपनीच्या मॉडेलच्या तोडीचे आहे. किंमत एकोणीस हजार रुपये ठरली. त्याच्याकडून जी वस्तू मिळाली, तिच्यात फोर्स फीडबॅक नव्हताच. ही फसवणूक नेमकी कशी केली जाते आणि दुकानातच ती कशी ओळखता येते, हे नव्याने खरेदी करणाऱ्यांना कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

दुकानात एका टेबलावर स्टेअरिंग घट्ट बसवलेले होते, समोर मोठ्या पडद्यावर गेम सुरू होता आणि मला हवा तितका वेळ गाडी चालवू दिली गेली. ते स्टेअरिंग अस्सल होते, यात शंका नाही. वळणावर वेग जास्त झाला की पुढची चाके पकड सोडत आणि त्याच क्षणी हातातले स्टेअरिंग हलके पडे. चाके पुन्हा रस्ता धरू लागली की ते जड होई. फोर्स फीडबॅक घ्यायचा तो याचसाठी. गेम पुढच्या टायरवरचे बल सतत मोजत असतो आणि त्यानुसार आतील मोटर स्टेअरिंगला उलटा जोर देत असते, त्यामुळे गाडी घसरणार हे डोळ्यांच्या आधी हातांना कळते.

खरेदी पक्की झाल्यावर गोदामातून बंद खोके आले. खोक्यावरचे चित्र टेबलावरच्या स्टेअरिंगसारखे दिसत होते, पण मॉडेलचे नाव वेगळे होते. त्याबद्दल विचारले असता, "साहेब, माल तोच आहे, फक्त नवीन पॅकिंग आहे," असे उत्तर मिळाले. खोके उघडून दाखवण्याची विनंती केली, तेव्हा सील तुटले तर कंपनी वॉरंटी देणार नाही असे सांगण्यात आले. जीएसटीचे बिल मागितले तर रक्कम वाढेल असे सांगून त्याने कच्च्या पावतीवर केवळ "गेमिंग स्टेअरिंग १ नग" एवढेच लिहिले. पैसे यूपीआयने दिले, पण क्यूआर कोडवर दुकानाचे नाव नव्हते, एका व्यक्तीचे होते. आता मागे वळून पाहता यातील प्रत्येक गोष्ट हेतुपुरस्सर केलेली दिसते: अस्सल वस्तू हातात द्यायची, दुसरीच खोक्यात घालायची आणि कागदावर मॉडेलचा उल्लेख येऊ द्यायचा नाही.

परभणीला येऊन खोके उघडले, तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, आत वीजपुरवठ्याचा अ‍ॅडॅप्टरच नव्हता. केवळ यूएसबीची एक तार होती. स्टेअरिंगला हाताच्या ताकदीविरुद्ध जोर लावणारी मोटर चालवायला पुरेशी वीज लागते आणि साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टवर जेमतेम अडीच वॅट मिळतात. म्हणूनच लॉजिटेक जी२९ सारख्या मॉडेलसोबत २४ व्होल्टचा स्वतंत्र अ‍ॅडॅप्टर येतो. दुसरी गोष्ट, तार जोडलेली नसतानाही स्टेअरिंग थोडे वळवून सोडले की ते झटक्यात मधोमध येत होते. तिसरी गोष्ट, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत ते एक पूर्ण फेराही फिरत नव्हते, जेव्हा की ९०० अंश म्हणजे अडीच फेरे होतात.

माझे थोरले चुलत भाऊ नांदेड–हैदराबाद मार्गावर ट्रक चालवतात. त्या संध्याकाळी ते घरी आले होते, म्हणून त्यांच्यासाठी ट्रक चालवण्याचा गेम लावला. त्यांनी दोन वळणे घेतली, ब्रेक दाबला आणि हात काढून घेतले. म्हणाले, "अरे, हे तर मोकळंच फिरायलंय. रस्ता हाताला कळंनाच गेला. खड्ड्यात गेलं की नुसतं थरथरायलंय." ज्यांनी गेमचे स्टेअरिंग आयुष्यात प्रथमच धरले होते, त्यांच्या हातांनी दोष लगेच ओळखला. दुकानदाराने मात्र फोनवर मला सेटिंग बदलून पाहण्याचा सल्ला दिला.

सेटिंगचा हा सल्ला इतरांनाही दिला जाईल, म्हणून त्याविषयी सांगणे आवश्यक आहे. काही वेळा गेममध्ये फोर्स फीडबॅकचा पर्याय चालू दिसतो, तो कमी-जास्तही करता येतो आणि त्यानुसार स्टेअरिंगची थरथर वाढते किंवा घटते. त्यावरून आत बल देणारी मोटर आहे असे सिद्ध होत नाही. दुकानदाराने वस्तू परत घेण्यास स्पष्ट नकार दिल्यानंतर आम्ही ओळखीच्या टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडून, संपूर्ण चित्रीकरण करत, स्टेअरिंगचे मागचे झाकण उघडून घेतले. आत दांड्याला जोडलेली एक जाड रबरी दोरी होती. स्टेअरिंग मधोमध आणण्याचे काम तिचे. दोन्ही बाजूंच्या मुठींत बोटाच्या पेराएवढ्या दोन लहान मोटरी होत्या आणि त्यांच्या दांडीवर अर्धगोल वजन बसवले होते. ते वजन एका बाजूला असल्यामुळे मोटर फिरताच मूठ थरथरते. मोबाइल कंपनावर ठेवल्यावर जे घडते, तेच. दांडा फिरवू शकेल असा गिअर, पट्टा किंवा मोटर आत कुठेही नव्हती.

अशी स्टेअरिंगे विकण्यात गैर काही नाही. लहान मुलांसाठी, कमी पैशांत, ती चालतात. परंतु ती व्हायब्रेशनची आहेत असे सांगून आणि तशाच कमी किमतीला विकली पाहिजेत.

खरेदीला जाणाऱ्यांनी दुकानातच, पैसे देण्यापूर्वी, आपल्याला मिळणारा नग टेबलावर ठेवून घ्यावा आणि वीज न जोडता तो पाव फेरा वळवून सोडावा. जी२९ सारखे स्टेअरिंग वीज नसताना जिथे सोडाल तिथेच थांबते. दोरीचे किंवा स्प्रिंगचे असेल तर परत येते. मग अ‍ॅडॅप्टर आणि यूएसबी जोडायला सांगावे. जी२९ मध्ये वीज येताच स्टेअरिंग कोणी हात न लावता स्वतःहून डाव्या-उजव्या टोकापर्यंत फिरून मध्यभागी स्थिरावते, आणि दोरी व थरथरणाऱ्या मोटरींना हे कधीच जमणार नाही. सील तुटण्याची सबब पुढे केली गेली, तर ती वस्तू तिथेच सोडून निघावे.

मॉडेल निवडतानाही दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. लॉजिटेकचे जी२९ प्लेस्टेशन आणि संगणकावर चालते, तर त्याच कंपनीचे जी९२० एक्सबॉक्स आणि संगणकावर. जी९२३ च्या मात्र प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी दोन वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. जुने जी२७ स्वस्तात मिळते, पण ते प्लेस्टेशन ४ साठी बनवलेले नाही. गिअरच्या, म्हणजे मोटरचा जोर दातेरी चाकांतून देणाऱ्या, अशा स्टेअरिंगचा जोर साधारण २ न्यूटन-मीटरच्या (हे फिरवण्याच्या जोराचे एकक) आसपास असतो. थ्रस्टमास्टर टी३०० मध्ये गिअरऐवजी पट्टा आहे, त्यामुळे खडखड कमी होते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये स्टेअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर असते. त्या प्रकारच्या मोझा आर५ चा जोर ५.५ न्यूटन-मीटर आहे आणि तो पेलायला टेबलही तसेच भक्कम लागते. माझ्या मते पहिल्या खरेदीसाठी गिअरचे अस्सल स्टेअरिंग पुरेसे आहे, मग ते वापरलेले का असेना, मात्र त्याची वरील परीक्षा झालेली असली पाहिजे.

तक्रारीविषयी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद केल्यानंतर दुकानदाराने पैशांऐवजी हेडफोन आणि कीबोर्ड देऊ केला, तो आम्ही नाकारला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा किंवा मॉडेल खोटे सांगणे ही अनुचित व्यापार प्रथा आहे आणि बिल न देणे हीसुद्धा. याच कायद्यामुळे खरेदी संभाजीनगरला झालेली असली तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. आम्ही परभणीच्या जिल्हा आयोगात तक्रार दिली असून तिला व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश, यूपीआयची नोंद, कच्ची पावती आणि झाकण उघडतानाचे चित्रीकरण जोडले आहे. यांपैकी "फोर्स फीडबॅक, ९०० डिग्री" हे दुकानदाराने स्वतः लिहिलेले शब्द सर्वांत मोलाचे ठरत आहेत, म्हणून तोंडी सौदा करणाऱ्यांनी घरून निघण्यापूर्वी तेवढे लेखी मागून घ्यावेच. आयोगाची नोटीस दुकानदाराला मिळाली आहे. उत्तरासाठी त्याला तीस दिवस आहेत आणि आयोगाने वाढवून दिले तर आणखी पंधरा.