बऱ्या झालेल्या बायकांच्या घरासाठी पैसा: सीएसआर घ्यावा की सरकारी अनुदान?

या महिन्यात दोन ताईंचा फोन आला, दोघींचा प्रश्न एकच. मानसिक आजारातून बऱ्या झालेल्या पण घरचे न्यायला तयार नाहीत अशा बायकांसाठी भाड्याचं घर सुरू करायचंय, दहा-बारा जणींचं, तर कंपन्यांच्या मागे लागू (सीएसआर म्हणजे कंपन्यांना नफ्यातून समाजकामासाठी द्यावा लागणारा पैसा) की सरकारच्या? आम्ही दोन्ही करून पाहिलंय म्हणून इथे लिहून ठेवतो. १२ए (संस्थेची करमाफी), ८०जी (देणगीदाराला करसवलत), दर्पण या सरकारी एनजीओ पोर्टलचा नंबर हे तुमच्याकडे आहे असं धरतो. सीएसआर-१ ची नोंदणी मात्र वेगळी करावी लागते, २०२१ पासून त्याशिवाय कंपनीचा सीएसआरचा पैसा घेताच येत नाही.

घरकुल योजनेचं बरेच जण विचारतात. ती घर बांधायला आहे, चालवायला नाही. आपला खर्च वॉर्डनचा पगार, भाडं, किराणा आणि गोळ्या हा, तिथे तिचा उपयोग होत नाही, त्यामुळे ती सोडून देतो.

सीएसआरचं सगळ्यात चांगलं म्हणजे वेग. आमच्या नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगण्याच्या मधल्या साईजच्या कंपन्या बघा, ज्यांची सीएसआरची रक्कम वर्षाला ५० लाखांच्या आत असते त्यांना वेगळी कमिटी नेमायचं बंधन नाही, डायरेक्टर लोकांनी एकदा घर पाहिलं आणि पटलं की काम होऊन जातं. आमच्या हातात पहिल्या भेटीपासून सात आठवड्यांत चेक आला. कॉट, गाद्या, इन्व्हर्टर, वॉटर फिल्टर याला कोणीच नाही म्हणत नाही. भाडं आणि वॉर्डनचा पगार म्हटलं की मात्र गाडी अडते, कारण त्याचा फोटो निघत नाही आणि ते दर महिन्याला लागतं.

तेही आम्ही निभावून नेलं असतं, पण मार्चचं काही जमलं नाही. कंपनीचं आर्थिक वर्ष मार्चला संपतं आणि पैसाही तेवढ्यापुरताच मिळतो.

आमच्याकडे एक मावशी आहेत, हॉस्पिटलमध्ये अकरा वर्षं काढून आलेल्या. फेब्रुवारीत कंपनीचे एक साहेब व्हिजिटला आले, माणूस चांगला होता, पण हॉलमध्ये सगळ्यांसमोरच विचारलं, मार्चनंतरचा प्लॅन काय तुमचा? मावशी तिथेच मेथी निवडत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर त्यांची निळी पिशवी दाराशी, त्यात दोन साड्या, टॉवेल, गोळ्यांचा डबा, वरून गाठ मारलेली. आम्ही समजावलं, पिशवी आत ठेवली, संध्याकाळी परत दाराशी. असं मे महिन्यापर्यंत चाललं, रात्री चपला उशाशी घेऊन झोपायच्या. ज्या बाईला आपण सांगतो की हे तुझं घर आहे, तिच्यासमोर दर फेब्रुवारीत हा प्रश्न येणार असेल तर त्या घराला घर कसं म्हणायचं, माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कायदा इतका कडक नाही. कंपनीने आपला प्रकल्प 'ऑनगोइंग' म्हणून मंजूर केला तर सुरू केलेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं पैसा देता येतो. आम्हाला हे उशिरा कळलं. तुम्ही पहिल्याच मीटिंगमध्ये विचारा, हो म्हणाले तर माझं म्हणणं बरंचसं बाजूला ठेवा.

आता सरकारी. दीनदयाळ दिव्यांगजन पुनर्वसन योजनेत उपचार होऊन स्थिर झालेल्या मानसिक रुग्णांसाठी हाफवे होम, म्हणजे हॉस्पिटल आणि घर याच्या मधलं राहायचं ठिकाण, बसतं, वृद्धांसाठी करत असाल तर अटल वयो अभ्युदय बघा. अर्ज ई-अनुदान पोर्टलवर, मग जिल्ह्याचं इन्स्पेक्शन, राज्याची शिफारस, मग दिल्ली. दिव्यांग हक्क कायदा २०१६ खाली संस्थेची नोंदणीही लागते. आमचे चौदा महिने गेले, फाईल एकदा एका सहीसाठी दोन महिने पडून होती, आणि हप्ता आला तोही वर्ष निम्मं उलटल्यावर. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १९ नक्की टाका. घर नाही, घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला हॉस्पिटलमध्ये ठेवता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे. आपण कोणाकडे उपकार मागून नाही राहिलो, हे त्याने समोरच्याच्या लक्षात येतं.

त्रास आहेच. युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसा ठरल्या कामालाच वापरला याचा दाखला), प्रत्येक हेडचा वेगळा हिशोब, सीएला तीनदा फोन. पण पगार आणि भाडं हे तिथे खर्चाचे मान्य हेड आहेत, त्यासाठी कोणाची समजूत घालावी लागत नाही. दरवर्षी ते मागच्या वर्षाचा हिशोब मागतात, हे घर अजून का चालू आहे असं कोणी विचारत नाही. मला तरी हे जास्त मोलाचं वाटतं.

हातात सहा महिन्यांचं भाडं नसेल तर मात्र नुसत्या सरकारी भरवशावर घर सुरू करू नका, घरमालक हप्त्याची वाट पाहत नाही. आम्ही ते ओळखीच्या लोकांकडून उभं केलं, महिन्याला ५०० देणारी साठेक माणसं, बहुतेक मानेवाडा-बेसा भागातली. त्यांना पैसे यूपीआयने द्यायला सांगा, २००० च्या वर कॅश दिली तर ८०जीची सूट मिळत नाही आणि माणूस नाराज होतो.

तुमचं काम वेगळं असेल, समजा एकदाच दुरुस्ती करायची आहे किंवा मुलींच्या हॉस्टेलला सामान पाहिजे, तर सीएसआरच बरा, अठरा चकरा कशाला मारता. आम्हीही कॉट-फ्रिजसाठी आजही कंपन्यांकडेच जातो. पण जिथे माणसं राहणार आहेत आणि कधी जाणार हे आपल्याला माहीत नाही, तिथलं भाडं आणि वॉर्डन मी तरी मार्चच्या पैशावर ठेवणार नाही.

आणि घरमालकाशी अकरा महिन्यांचा करार करू नका, तीन वर्षांचा रजिस्टर्ड करा, फाईलला पण बरा पडतो. पेशंट ठेवणार म्हटल्यावर मालक आधी नाहीच म्हणतील. आमचे दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा त्यांना सहकुटुंब जेवायला बोलावलं, बायकांनीच भाकरी-झुणका केला होता, काकू दोन तास बसल्या आणि जाताना काकांना म्हणाल्या, करून टाका सही.