चाकाची मोठी बॅग आणि गावची गाडी: दहा महिन्यांनंतर

बॅग घेतली २०२५ च्या गणपतीआधी. २८ इंची, कडक कवचाची, चार चाकं, नंबरचं कुलूप. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या जातीच्या बॅगा थोड्याफार सारख्याच. दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर एका बोटाने ढकलली आणि वाटलं, इतकी वर्षं खांदे उगाच मोडून घेतले. त्यानंतर दादर ते कणकवली चार खेपा झाल्या: गणपती, दिवाळी, शिमगा आणि मे. चारही वेळा तुतारी एक्स्प्रेस, स्लीपर.

पहिला धडा दादरच्या पुलावरच मिळाला. गणपतीच्या गर्दीत चाकांना जमीनच मिळत नाही, बॅग उचलावीच लागते. सामान न भरताच ती चार-साडेचार किलो, त्यात नैवेद्याची भांडी, सगळ्यांचे कपडे, चुलतभावाच्या पोरांसाठी घेतलेली खेळणी. पायऱ्या चढताना बारीक हँडल बोटांत रुततं. शेजारचा माणूस जुन्या रेक्झिनच्या दोन बॅगा दोन्ही खांद्यांना लावून माझ्या पुढे निघून गेला.

(जाता जाता: तुतारी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. म्हणजे २५ तारखेचं तिकीट असेल तर २४ च्या रात्रीच स्टेशनवर हजर पाहिजे. आमच्या एका भावाने २५ च्या रात्री जेवून-खाऊन, पान लावून दादर गाठलं होतं. गाडी आदल्याच रात्री गेलेली. घरात ही गोष्ट अजून दर गणपतीत निघते.)

गाडीत ही बॅग बाकाखाली जाते, पण आडवी आणि जोर लावून. खरी अडचण रात्री येते. चार चाकांची बॅग उभी ठेवली तर गाडी वळणावर कलली की ती चालायला लागते. दिवाळीच्या खेपेला बाकाखाली जागा उरली नव्हती म्हणून मी ती दोन बाकांच्या मध्ये उभी केली. चिपळूणच्या आसपास जाग आली तर बॅग गायब. छातीत धस्स झालं. ती चार खण पुढे जाऊन एका आजींच्या पायाशी थांबली होती. आजींनी तिच्यावर पाय टाकून झोप काढलेली.

दुसरं, ही बॅग पुस्तकासारखी मधोमध उघडते. म्हणजे एक चादर काढायची तर दुप्पट जागा हवी आणि समोरच्या सहा जणांनी पाय वर घ्यायला हवेत. वरून चेन उघडणाऱ्या बॅगेत नुसता हात घातला की झालं. दुकानात हे कोणी सांगत नाही.

कणकवलीला उतरून आमच्या वाडीपर्यंत रिक्षा येते, पण शेवटचा तुकडा चिऱ्याची पाखाडी आणि लाल माती. तिथे बॅग ओढायला गेलो की चाकांत खडे अडकतात. पहिल्याच दिवशी मोठे काका पडवीतून ओरडले, "ह्यो गाडो कित्याक हाडलंस रे?" शिमग्याला एक चाक निखळलंच. मुंबईत स्टेशनबाहेरच्या दुरुस्तीवाल्याने बसवून दिलं, पण रंग वेगळा आणि आवाजही वेगळा.

येताना तर हिचा पारच निकाल लागतो. नियमाने स्लीपरला माणशी ४० किलो सामान चालतं, ती अडचण नाही. अडचण आकाराची. तांदूळ, कुळथाचं पीठ, सोलं, काजू नीट मावतात. फणस नाही मावत. कापडी बॅग फणसासाठी पोट फुगवते, ही हट्टाने चौकोनीच राहते. मे महिन्यात फणस शेवटी गोणपाटात बांधून मांडीवर घेऊन आलो.

आता हिची एकच जमेची बाजू, पण ती मोठी आहे. गणपतीच्या दिवसांत कोकणात कोरडं असं काही राहत नाही. मीठ पाझरतं, माचीस पेटत नाही, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास लागतो. आमच्या घरी तेव्हा वीस-बावीस माणसं, दोरीवर टॉवेल टाकायला जागा नाही, आणि आमच्यासोबत आलेल्या सगळ्यांच्या बॅगा रिक्षातच भिजलेल्या. माझी उघडली तर आतले कपडे कडकडीत कोरडे. काकीने हात घालून पाहिलं, काही बोलली नाही. संध्याकाळी माझे कपडे बाकावर काढून ठेवलेले, आणि बॅगेत गौरीची साडी, दागिन्यांचा डबा, वातींचा पुडा, कापूर आणि तीन माचिसी. विसर्जनापर्यंत बॅग देवाच्या खोलीतच होती. मी पाच दिवस ओलसर शर्ट घातले.

तेव्हा घ्यावी का? विमानाने जाणार असाल किंवा घराच्या दारापर्यंत गाडी जात असेल तर जरूर. तुतारीने गावी जाणाऱ्याने खांद्याला लावायची, वरून उघडणारी जाड कापडी बॅग घ्यावी आणि आतले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावेत. यंदाचे गणपती १४ सप्टेंबरला आहेत आणि आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं. बॅगेपेक्षा आधी ते बघा.

माझी बॅग मे महिन्यात गावीच राहिली. काकीने माळ्यावर चढवली आहे, आत पापड आणि पीठ, उंदीर कुरतडू शकत नाही म्हणून खूश आहे. परवा फोन आला, कुलपाचे आकडे कुणीतरी फिरवलेत, नंबर सांग. मलाही आठवेना.